द्रव्यलोभ आणि ईशभक्ती (ख्रिस्ती व इस्लाम धर्म)

मराठीत ‘धनी’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : श्रीमंत आणि मालक. ख्रिस्ती व इस्लाम या दोन्ही धर्मांनी पैशाविषयी विचारलेला मूळ प्रश्न या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे. माणूस धनाचा धनी आहे, की धनच माणसाचे धनी आहे? जी भिस्त केवळ देवावर ठेवायची ती संपत्तीवर ठेवणे, हा द्रव्यलोभाचा या धर्मांतील अर्थ होय. म्हणूनच दोन्हीकडे तो केवळ दुर्गुण मानला जात नाही. तो भक्तीतला वाटेकरी ठरतो.

येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात सांगितले, की कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. देवाची आणि धनाची सेवा एकत्र होत नाही (मत्तय ६:२४). येथे धनासाठी ‘मॅमोन’ हा अरामी शब्द आहे. ग्रीक शुभवर्तमानात तो भाषांतर न करता तसाच ठेवला गेला. त्यामुळे पैसा एखाद्या प्रतिस्पर्धी दैवतासारखा स्वतःच्या नावानिशी समोर येतो. मध्ययुगात तर मॅमोन हे लोभाच्या सैतानाचेच नाव झाले.

सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग धनवान माणसाचा आहे (मार्क १०:१७–२५). लहानपणापासून सर्व आज्ञा पाळलेला हा माणूस चिरंतन जीवन मागायला आला. येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले आणि सर्व काही विकून गरिबांना द्यायला सांगितले. तो खिन्न होऊन निघून गेला. श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, हे वचन तो निघून गेल्यावर शिष्यांना उद्देशून उच्चारलेले आहे. जेरुसलेममध्ये त्या नावाचा एक अरुंद दरवाजा होता, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. त्याला प्राचीन पुरावा नाही, आणि वचनाची धार मात्र त्याने बोथट होते. या प्रसंगाशेजारी जक्कयाची कथा ठेवून वाचली पाहिजे (लूक १९). यरीहोच्या या मुख्य जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. येशूने त्याच्याकडे उरलेले अर्धे मागितले नाही.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन (६:१०) ‘पैसा हे पापाचे मूळ’ असे उद्धृत केले जाते, ते चूक आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘रुप्यावरील प्रेम’ असा आहे. दोष त्या प्रेमाला दिला आहे. कलस्सैकरांस पत्रात लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हटले आहे (३:५). जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये तोच धागा धरून मॅमोनला पृथ्वीवरची सर्वांत सर्रास आढळणारी मूर्ती ठरवले.

ख्रिस्ती परंपरेत पुढे दोन वाटा फुटल्या. धर्मपंडित अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटच्या मते धन हे केवळ साधन आहे. टाकायची ती मनातील आसक्ती. इजिप्तच्या अँटनीने मात्र, चर्चमध्ये त्या धनवानाची गोष्ट ऐकताच, आपली जमीन देऊन टाकली आणि वाळवंट गाठले. असिसीचा फ्रान्सिस (मृत्यू १२२६) हा कापडव्यापाऱ्याचा मुलगा याच दुसऱ्या वाटेने गेला. त्याच्या अनुयायांपैकी काहींनी ख्रिस्त व प्रेषितांच्या मालकीचे काहीच नव्हते, असा आग्रह धरला, तेव्हा पोप बावीसावा जॉन याने १३२३ मध्ये ते मत पाखंड ठरवले.

कुराणात या विषयाचा चेहरा म्हणजे कारून (२८:७६–८२). मूसाच्या (मोझेसच्या) लोकांतील हा इसम इतका श्रीमंत, की त्याच्या खजिन्याच्या किल्ल्यांचा भार बलदंड माणसांच्या टोळीलाही जड जाई. अल्लाहने दिलेल्यातून परलोक साध, इहलोकातला तुझा वाटाही विसरू नकोस, असे त्याला सांगण्यात आले. म्हणजे त्याच्याकडून निर्धनतेची अपेक्षा नव्हती. त्याचे उत्तर असे, की हे सारे मला माझ्या ज्ञानामुळे मिळाले. त्याचा अपराध या एका वाक्यात आहे. पुढे जमिनीने त्याला वाड्यासकट गिळले. सुईच्या नेढ्यातील उंटही कुराणात भेटतो (७:४०), पण तेथे अडलेला श्रीमंत नसून देवाच्या वचनांना खोटे ठरवणारा, गर्विष्ठ माणूस आहे. दोन धर्मांच्या भूमिकांतला सूक्ष्म फरक या एका प्रतिमेत जितका दिसतो, तितका क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. १०२ वा सूरा (अध्याय) सांगतो, की अधिकाधिक जमवण्याच्या चढाओढीने तुम्हाला कबरीपर्यंत गुंतवून ठेवले. बुखारींच्या संग्रहातील एका हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनात) ‘दिनार आणि दिरहमचा गुलाम’ असा धिक्कार येतो. येथेही भाषा चाकरीचीच आहे.

इस्लामने संन्यासाला आदर्श मानले नाही. ख्रिस्ती मठवास लोकांनी स्वतः निर्माण केला, असे कुराण म्हणते (५७:२७). शुक्रवारच्या नमाजाची हाक येताच व्यापार सोडायचा आणि नमाज संपताच पुन्हा उद्योगासाठी पांगायचे, अशी आज्ञा आहे (६२:९–१०). लोभाला आवर घालण्याचे काम जकात, म्हणजे संपत्तीतून सक्तीने द्यायचे दान, करते. सोन्याची किमान मर्यादा २० मिस्काल, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम. तितकी संपत्ती एक चांद्रवर्ष जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा भाग द्यायचा. ‘जकात’च्या धातूत शुद्धी आणि वाढ असे दोन्ही अर्थ आहेत. हा वाटा उपकार नसून मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे (७०:२४–२५).

जकात दिल्यावर उरलेले साठवावे का, यावर मात्र आरंभीच वाद झाला. सोने-चांदी साठवणाऱ्यांना दिलेला इशारा (९:३४) मुस्लिमांनाही लागू आहे, असे पैगंबरांचे सहकारी अबू जर सांगत. सीरियाचा सुभेदार मुआविया तो केवळ ग्रंथधारकांपुरता (ज्यू व ख्रिस्ती यांच्यापुरता) मानी. अबू जर यांचे अखेरचे दिवस रबजा येथील एकांतात गेले. बहुसंख्य विधिज्ञांनी मात्र जकात दिलेली संपत्ती निर्दोष मानली. धर्मपंडित गझाली (मृत्यू ११११) यांनी धनाला विष आणि उतारा दोन्ही बाळगणाऱ्या सापाची उपमा दिली.

तुम्हाला प्रिय असलेल्यातून खर्च केल्याशिवाय पुण्य लाभणार नाही, ही आयत (३:९२) ऐकून मदीनेच्या अबू तल्हा यांनी आपली सर्वांत लाडकी खजुराची बाग, बैरुहा, देऊन टाकली. पैगंबरांनी ती लाभाची मालमत्ता असल्याचे सांगितले आणि नातेवाइकांत वाटण्याची सूचना केली. अबू तल्हांनी ती आप्तांत आणि चुलतभावांत वाटली.