नागपूर, बेळगाव आणि हुबळी-धारवाड : उपराजधानी कोणती आणि मुलखाची राजधानी कोणती

डिसेंबर उजाडला की कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात भरते आणि मराठी बातम्यांत 'कर्नाटकची उपराजधानी बेळगाव' हा शब्दप्रयोग सुरू होतो. पुढचे पाऊल वाचक आपणहून टाकतात आणि बेळगाव ही उत्तर कर्नाटकची राजधानी आहे, असे धरून चालतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आले की जेवणाच्या पानावर हाच विषय निघतो आणि प्रत्येक वेळी मला तोच खुलासा करावा लागतो. तो एकदा सविस्तर लिहून ठेवलेला बरा.

अधिवेशन ज्या शहरात भरते ते शहर आणि मुलखातली माणसे अडीनडीला ज्या शहराकडे धावतात ते शहर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या शहरात राजधानी पाहुणी म्हणून येते. दुसऱ्या शहराकडे मुलूख वर्षभर आपल्या पायाने जातो. मराठी वाचकाची गल्लत होते, कारण त्याच्या ओळखीच्या उदाहरणात या दोन्ही गोष्टी एकाच शहरात आहेत. ते उदाहरण म्हणजे नागपूर.

नागपूरविषयी मराठी माणसाला फार सांगायला नको. मध्य प्रांताची राजधानी १९५६ मध्ये गेली, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन तेथे भरवण्याचे ठरले आणि १९६० पासून ते भरत आले. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की विदर्भातले लोक उरलेले वर्षभरही नागपूरलाच जातात. उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे आहे आणि विद्यापीठ १९२३ पासून आहे. मोठी रुग्णालये आणि घाऊक बाजारही तेथेच आहेत. अमरावती हा वेगळा महसूल विभाग असला, तरी यवतमाळच्या शेतकऱ्याचे अपील नागपूरच्याच खंडपीठापुढे चालते. त्यामुळे 'उपराजधानी' हा शब्द कानावर पडला की मराठी मन वर्षभराची ही सगळी ये-जा त्या शब्दात धरूनच टाकते. कर्नाटकात हे दोन धागे वेगळे झाले आहेत आणि नागपूरचे माप बेळगावला लावले की हिशेब चुकतो.

बेळगावातले पहिले अधिवेशन २००६ मध्ये भरले. त्या वेळी स्वतंत्र इमारत नव्हती, म्हणून ते केएलई संस्थेच्या आवारात घेतले गेले. त्यानंतर महामार्गालगत, हलगा-बस्तवाडच्या शिवारात सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अधिवेशनाच्या दिवसांत शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळत नाही, मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे महामार्गावरून धावतात आणि उसाने भरलेले ट्रॅक्टर त्यांच्यासाठी कडेला थांबवले जातात. राज्यभरातल्या संघटना सौधाबाहेर तंबू ठोकून धरणे धरतात. कामकाज संपले की मंत्री, सचिव आणि त्यांच्या फायली बेंगळुरूला परत जातात. सचिवालय तेथेच आहे, निर्णय तेथेच होतात. एखाद्या खात्याच्या सचिवाकडे अडलेले काम घेऊन मार्च महिन्यात कोणी सीमाभागातून निघाला, तर त्याला बेंगळुरूचीच गाडी धरावी लागते.

हे अधिवेशन बेळगावात का आले, याचे उत्तरही नागपूरपेक्षा वेगळे आहे. नागपूरला ते मिळाले एका राजधानीचा मान गेल्याच्या भरपाईपोटी. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात घालण्यात आला आणि तेव्हापासून सीमाप्रश्न पेटता राहिला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि दोनच वर्षांत बेळगावात विधिमंडळ भरले. या क्रमाकडे पाहिल्यावर माझे मत असे बनले आहे, की सुवर्णसौध हे आधी हक्काचे विधान आहे आणि उत्तर कर्नाटकच्या विकासाचे व्यासपीठ नंतर. महाराष्ट्र एकीकरण समिती अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी महामेळाव्याची हाक देते, ती याच कारणाने. एखाद्या शहरावर हक्क सांगण्यासाठी तेथे सभागृह बांधता येते, पण तेवढ्याने आसपासच्या जिल्ह्यांतली माणसे आपल्या कामांसाठी त्या शहराकडे वळत नाहीत.

ती वळतात हुबळी-धारवाडकडे. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. वडिलांच्या नावावरच्या जमिनीचा वाद खानापूरच्या कोर्टातून बेळगावच्या जिल्हा न्यायालयात गेला आणि तेथून उच्च न्यायालयात. पूर्वी उच्च न्यायालय म्हणजे रात्रभराचा प्रवास करून बेंगळुरू गाठणे असे. २००८ मध्ये धारवाडला फिरते खंडपीठ आले, २०१३ मध्ये ते कायम झाले आणि आमची तारीख धारवाडला पडू लागली. पहाटेच्या अंधारात निघायचे, वडिलांनी उताऱ्यांची आणि जुन्या खरेदीपत्रांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायचे, आणि कित्तूर मागे पडले की आता पोहोचलोच म्हणून धोतराचा सोगा सावरायचा. त्या फेऱ्यांत मला एक गोष्ट प्रथम जाणवली. ज्या बसमध्ये आम्ही बसलो होतो ती वायव्य कर्नाटक परिवहनची होती आणि त्या मंडळाचे मुख्यालय हुबळीत आहे. घरी जे वीजबिल येते ते हेस्कॉमचे, आणि त्या नावातले पहिले अक्षरच हुबळीचे आहे. बेळगाव स्थानकावरून सुटणारी गाडी नैऋत्य रेल्वेची, आणि २००३ पासून त्या रेल्वेचे मुख्यालयही हुबळीलाच आहे. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बेळगावच्या कॉलेजांतून बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलांच्या पदवीपत्रावर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे नाव असे. थोडक्यात, बेळगावकर घरातल्या दिव्यापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत हुबळी-धारवाडशी बांधला गेलेला आहे, आणि अधिवेशनाची गर्दी आली काय, गेली काय, त्यात फरक पडत नाही.

हे असे का झाले, याचे एक मोठे कारण लोहमार्ग आहे. हुबळी हे खरेखुरे जंक्शन आहे. तेथून एक मार्ग गदगकडे, एक दावणगेरेवरून बेंगळुरूकडे आणि एक धारवाड-लोंढ्याकडे जातो. बेळगाव मात्र लोंढा-मिरज मार्गावरचे एक स्थानक आहे, आणि गोव्याकडे जाणारा फाटाही बेळगावला न फुटता लोंढ्याला फुटतो. कापूस आणि मिरचीची पेठ जंक्शनवर वाढली, रेल्वेचा कारखाना जंक्शनवर आला आणि त्यांच्यामागून कचेऱ्याही गेल्या. बेळगावहून धारवाडला रेल्वेने जायचे तर लोंढ्याचा वळसा घ्यावा लागतो. कित्तूरमार्गे थेट मार्गाला मंजुरी मिळाली ती अगदी अलीकडे.

बेळगावच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद अधिवेशनाचा नसून आयुक्तांच्या कचेरीचा आहे, आणि तो क्वचितच कोणी मांडतो, याचे मला वाईट वाटते. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाचे आयुक्त बेळगावला बसत आणि थेट रत्नागिरीचा कारभारही त्यांच्याकडे असे. आजचा बेळगाव महसूल विभाग हा त्याचाच वारसा आहे. त्यात बेळगाव, धारवाड, गदग, हावेरी, बागलकोट, विजयपूर आणि उत्तर कन्नड (कारवार) हे सात जिल्हे येतात. म्हणजे प्रशासनाच्या उतरंडीत धारवाड आजही बेळगावच्या खाली आहे. पण प्रादेशिक आयुक्तांची कचेरी ही जिल्हाधिकाऱ्यांवर देखरेख करणारी कचेरी आहे, आणि हावेरीचा सामान्य शेतकरी तिची पायरी आयुष्यात एकदाही चढत नाही. तो हुबळीच्या किम्स रुग्णालयात मात्र आईला घेऊन जातोच. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचेही तसेच आहे. १९९८ पासून त्याचे मुख्यालय बेळगावजवळ मच्छे येथे आहे आणि मंगळूर-म्हैसूरच्या अभियंत्यांच्या पदवीपत्रावरही बेळगावचे नाव असते. ही अभिमानाची बाब आहे, परंतु ती राज्यभराची संस्था आहे. तिच्यामुळे बेळगाव एका मुलखाचे केंद्र ठरत नाही.

लोकसंख्येचा वाद मी दोन वाक्यांत संपवतो. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाड महापालिकेत सुमारे ९ लाख ४४ हजार आणि बेळगाव महापालिकेत सुमारे ४ लाख ८८ हजार लोक होते, पण हुबळी आणि धारवाड ही वीस किलोमीटर अंतरावरची दोन वेगळ्या स्वभावाची गावे आहेत, आणि संख्या मोजताना त्यांना एक धरायचे व मान सांगताना वेगळे करायचे, ही सवय मला मान्य नाही. बेळगावचा कुंदा श्रेष्ठ की धारवाडचा पेढा श्रेष्ठ, यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

'उत्तर कर्नाटक' हा शब्दही जपून वापरायला हवा. हुबळी-धारवाडचा पल्ला मोठा असला तरी तो सगळ्या उत्तर कर्नाटकला पुरत नाही. कलबुर्गीचे स्वतःचे खंडपीठ आहे आणि बिदर, रायचूर, यादगीर त्याच्याकडे जातात. विजयपूर महसुलासाठी बेळगाव विभागात असूनही न्यायासाठी कलबुर्गीला जाते, तर बळ्ळारी आणि कोप्पळ हे कलबुर्गी विभागातले जिल्हे धारवाडला येतात. म्हणून मी नेमके विधान करीन ते असे : जुन्या मुंबई-कर्नाटकाची, ज्याला २०२१ पासून कित्तूर कर्नाटक म्हणतात त्या मुलखाची, अनौपचारिक राजधानी हुबळी-धारवाड आहे. त्यातही पेठ, रेल्वे, रुग्णालय म्हणजे हुबळी, आणि विद्यापीठ, न्यायालय, संगीत म्हणजे धारवाड.

यात बेळगावचा कमीपणा आहे असे समजून माझ्यावर रागावणारे मित्र आहेत. त्यांना मी गणपत गल्लीत किंवा शहापूरच्या खडेबाजारात लग्नसराईत उभे राहायला सांगतो. दुकानाच्या गादीवर दोन्ही घरची मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात, नवरीच्या शालूवरून आत्या आणि मावशी यांचे एकमत होत नसते, मानाच्या साड्यांची यादी मामाच्या खिशातून निघते, आणि बाहेर ज्या गाडीत बस्ता भरला जात असतो तिच्या पाटीवर महाराष्ट्राचा नंबर असतो. ही मंडळी चंदगडची असतात. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. नंतर ते मुंबई राज्यात राहिले आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले, पण बस्ता, बाळंतपण आणि मोठे दुखणे यांसाठी ते आजही बेळगावलाच येते. चोर्ला घाटाने गोव्याला जाणारी भाजी बेळगावच्या बाजारातून भरली जाते. खानापूर, चंदगड, दोडामार्गाचा काही भाग आणि घाटाखालचा गोवा यांचे मिळून जे एक मोठे आवार होते, त्याची राजधानी बेळगाव आहे, आणि ती कोणत्याही सरकारने नेमलेली नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाची वर्तमानपत्रे, नाटके, वाचनालये आणि चळवळी यांचेही ते केंद्र आहे. हा मान सुवर्णसौधाच्या आधीपासूनचा आहे.

मात्र येथेही हात आखडता घ्यावा लागतो, कारण आपल्याच जिल्ह्याचा सगळा ओघ बेळगावकडे येत नाही. निपाणीकराला कोल्हापूर जवळ पडते. तो खरेदीला, दवाखान्याला आणि मुलाच्या कॉलेजला कागल ओलांडून जातो, बेळगावला येतो तो जिल्हाधिकारी कचेरीतल्या कामापुरता. अथणी आणि रायबागकडचे आजारी माणूस मिरजेच्या दवाखान्यात नेले जाते. आणि ज्या गावाचे नाव आता सगळ्या मुलखाला दिले आहे ते कित्तूर बेळगाव जिल्ह्यात असले, तरी तेथून धारवाड अधिक जवळ आहे. वडिलांबरोबरच्या त्या फेऱ्यांत कित्तूरला बसमध्ये चढणारी बहुतेक माणसे आमच्यासारखीच धारवाडला निघालेली असत. कोणाच्या हातात एक्स-रेचे पाकीट असे, तर कोणाच्या मांडीवर कोर्टाच्या कागदांची पिशवी.