समष्टी आनुवंशिकी

एखाद्या जीवसमूहात जनुकांच्या निरनिराळ्या रूपांचे प्रमाण किती आहे, ते पिढ्यानपिढ्या कसे बदलते आणि कशामुळे बदलते, याचा अभ्यास करणारी जीवविज्ञानाची शाखा. एकाच जनुकाच्या पर्यायी रूपांना अ‍ॅलील म्हणतात आणि आपसांत प्रजनन करणाऱ्या, एकाच प्रजातीच्या जीवांच्या समूहाला समष्टी. उत्क्रांती एकट्या जीवाची होत नाही. जीव जन्मतो, वाढतो, मरतो. जन्मतः मिळालेली त्याची जनुके जवळजवळ तशीच राहतात. बदलते ते समष्टीतील अ‍ॅलीलचे प्रमाण, आणि या बदलालाच ही शाखा उत्क्रांती मानते. ‘बलवान तो टिकला’ एवढ्यावरच अनेकांची उत्क्रांतीशी ओळख थांबते. त्यात समष्टीचा हा हिशोब येत नाही आणि योगायोगाला तर जागाच उरत नाही. भारतासारख्या जातीअंतर्गत विवाहांच्या समाजात मात्र योगायोगाचा वाटा फार मोठा आहे. तो ओळखण्याच्या कामात पुण्याचा सहभाग जुना आहे.

समतोलाचा नियम

१९०८ मध्ये इंग्रज गणिती गॉडफ्रे हार्डी आणि जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या शाखेचा पाया घातला. समष्टी खूप मोठी असेल, जोड्या जनुकांचा विचार न करता जुळत असतील आणि बाहेरून कोणतेही कारण काम करत नसेल, तर अ‍ॅलीलचे प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहते. प्रत्येकाकडे एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एका अ‍ॅलीलचे प्रमाण ०.९ आणि दुसऱ्याचे ०.१ असेल, तर दोन्ही प्रती पहिल्या रूपाच्या असलेल्या व्यक्ती ८१ टक्के, मिश्र १८ टक्के आणि दोन्ही प्रती दुसऱ्या रूपाच्या असलेल्या १ टक्का निघतात. दुसरे अ‍ॅलील अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती तशा असल्या तरच होणाऱ्या, आजाराचे असेल, तर १ टक्का रुग्णांमागे १८ टक्के निरोगी वाहक आहेत, असा याचा अर्थ.

हे आदर्श चित्र प्रत्यक्षात क्वचितच जुळते, आणि नियमाचा खरा उपयोग तिथेच होतो. मोजणी हिशोबापासून हटली की कोणते तरी कारण काम करत आहे, हे कळते. उत्परिवर्तन (जनुकात होणारा नवा बदल), नैसर्गिक निवड, जनुकीय ड्रिफ्ट (योगायोगाने होणारा चढउतार) आणि जनुकप्रवाह (दुसऱ्या समष्टीतून जनुके येणे) ही अ‍ॅलीलचे प्रमाण बदलणारी चार कारणे. नात्यातील विवाहाने हे प्रमाण बदलत नाही, पण दोन सारख्या प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत रूढ आहे. अशा जोडप्याच्या अपत्यात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ पैकी १ असते. अप्रभावी अ‍ॅलीलचे प्रमाण ०.०१ धरले, तर आजाराचा धोका १०,००० पैकी १ वरून सुमारे ७ वर जातो.

या सर्व कारणांना एका गणितात बसवण्याचे काम रोनाल्ड फिशर, सीवॉल राइट आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१८ ते १९३२ या काळात केले. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

निवड

नवे अ‍ॅलील उत्परिवर्तनातूनच येते. ते उपयोगी पडेल की नाही, याच्याशी त्याच्या येण्याचा संबंध नसतो. परिस्थिती त्यातून निवड करते. विषाणूंत हे सारे काही महिन्यांत डोळ्यांसमोर घडते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (स्थापना १९५२) करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील नमुन्यांचा जनुकक्रम तपासला, तेव्हा काटा-प्रथिनात (विषाणू ज्याने पेशीला चिकटतो त्यात) ४५२, ४८४ आणि ६८१ या स्थानांवरचे बदल वारंवार आढळले. असेच बदल जगातील वेगवेगळ्या वंशशाखांतही स्वतंत्रपणे उद्भवलेले दिसत होते. एखादा विषाणू केवळ नशिबाने एका शहरात पसरू शकतो. पण तोच बदल वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा वर येत असेल, तर त्यामागे निवड आहे असे मानायला सबळ आधार मिळतो. हे बदल असलेल्या बी.१.६१७ या शाखेचीच एक उपशाखा पुढे डेल्टा म्हणून जगभर पसरली.

निवड नेहमीच एका अ‍ॅलीलला जिंकवत नाही. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. दोन्ही प्रती सदोष असलेल्याला गंभीर आजार होतो, पण एकच प्रत असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवले. मलेरियामुळे सामान्य व्यक्तीची हानी १० टक्के आणि दोन सदोष प्रतींची हानी १०० टक्के धरली, तर घातक अ‍ॅलील नाहीसे होत नाही. सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. नंदुरबारच्या सातपुड्यात, गडचिरोलीत आणि विदर्भाच्या इतर भागांत हा आजार का टिकून आहे, याचे उत्तर मुख्यतः या हिशोबात आहे. तिथल्या माणसांच्या अंगी काही उणेपणा आहे, असा अर्थ त्यातून काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल.

ड्रिफ्ट

समष्टी लहान असेल तर कोणती अ‍ॅलील पुढच्या पिढीत जातील, हे बरेचसे योगायोगावर अवलंबून राहते. मिश्र धान्याच्या पोत्यातून मूठभर धान्य काढले, तर मुठीतले प्रमाण पोत्यासारखेच येईल असे नाही, तसेच हे. विविधतेची दर पिढीतील घट समष्टीच्या दुप्पट आकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. मात्र हा आकार डोकी मोजून मिळत नाही. त्यासाठी प्रजननातील वाटा विचारात घेऊन परिणामकारक आकार काढावा लागतो.

पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बायफ या संस्थेने गोठवलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन खेडोपाडी पोहोचवले. दुधाच्या दृष्टीने या कामाचे मोल मोठे आहे. पण कोणत्याही रेतन कार्यक्रमाला एक गणित लागू पडते. समजा, १०,००० गाई आहेत आणि त्यांच्यासाठी केवळ १० वळू वापरले जातात. नर व मादी यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून एकूण संख्येने भागले की परिणामकारक आकार मिळतो, आणि तो इथे जेमतेम ४० भरतो. गोठ्यांत दहा हजार जनावरे दिसत असली, तरी विविधता ४० जनावरांच्या कळपात घटावी त्याच वेगाने, दर पिढीत सुमारे सव्वा टक्का, घटत राहते. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी अशा देशी जातींची पैदास आखताना वळूंची संख्या आणि त्यांची वंशावळ राखण्यावर भर का द्यावा लागतो, हे यातून कळते. कळपाच्या मोठ्या आकड्यावर समाधान मानण्यात खरोखरच धोका आहे.

१९६८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी मांडलेल्या तटस्थ सिद्धांतानुसार रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल निवडीने नव्हे, ड्रिफ्टनेच रुजतात. त्यावर दीर्घ वाद झाले. पण निवडीचा दावा करण्याआधी योगायोगाची शक्यता तपासायची, ही शिस्त तिथून पक्की झाली.

अंतर्विवाही गट

माणसांच्या बाबतीत या शाखेला महाराष्ट्रात मिळालेली सर्वांत मौलिक सामग्री पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून आली. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी जातीला विस्तारित नातेगट मानले आणि मोठ्या जाती एकाच मूळ समूहाचे तुकडे पडून झालेल्या नाहीत, तर मुळात वेगळे गट एका नावाखाली जवळ येऊन बनल्या, अशी मांडणी केली. ही मांडणी तपासून पाहता येण्याजोगी होती. कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील एकाच दर्जाच्या मानलेल्या आठ अंतर्विवाही (आपसांतच लग्ने करणाऱ्या) ब्राह्मण गटांची जैविक तुलना केली आणि ती १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. शरीराची मापे, रक्तगट अशा लक्षणांत या गटांत लक्षणीय फरक निघाले. एका नावाखाली एक समष्टी असेलच असे नाही, हे यातून स्पष्ट झाले. मल्होत्रा यांनी पुढे धनगरांच्या अनेक अंतर्विवाही गटांवर काम केले. पुण्यात वाढलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्यासह त्यांनी गवळी धनगरांचा १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जातीच्या प्रश्नाला परिसराशी जोडतो.

वेगळ्या समष्टी एकत्र मोजल्या की हिशोब कसा चुकतो, हे स्वीडिश शास्त्रज्ञ स्टेन व्हालुंड यांनी १९२८ मध्ये दाखवले होते. दोन सारख्याच आकाराचे गट घ्या. एकात आजाराचे अ‍ॅलील ०.१, दुसऱ्यात शून्य. सरासरी ०.०५ धरून हजारी अडीच रुग्ण अपेक्षित. पण लग्ने गटांतच होत असल्याने प्रत्यक्षात हजारी ५ सापडतात. म्हणून पुण्यासारख्या, सर्व भागांतून आणि समाजांतून माणसे आलेल्या शहरात ‘शहराची सरासरी’ वापरून आनुवंशिक सल्ला देणे पुरेसे नाही. थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक सर्व समाजांत आहेत, पण फाळणीनंतर पिंपरीत स्थिरावलेल्या सिंधी समाजात त्यांचे प्रमाण सरासरीहून अधिक असते. तिथे विवाहपूर्व रक्ततपासणीचा आग्रह धरणे योग्यच आहे.

अंतर्विवाहाचे ठसे आता पूर्ण जनुकसंचातही वाचता येतात. २०१३ मधील एका अभ्यासानुसार भारतातील दोन मोठ्या वंशप्रवाहांची सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली आणि त्यानंतर गटागटांमधील लग्नव्यवहार आटत गेला. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ गटांच्या तपासणीत ८१ गटांवर फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र संस्थापक परिणाम आढळला. म्हणजे हे गट मोजक्या पूर्वजांपासून वाढले. त्या पूर्वजांत एखादे दुर्मीळ अ‍ॅलील असेल, तर ते आज संपूर्ण गटात पसरलेले असू शकते. आंध्र-तेलंगणातील वैश्यांमध्ये भूल देताना वापरले जाणारे एक स्नायू शिथिल करणारे औषध इतरांपेक्षा अधिक जणांच्या शरीरात लवकर मोडत नाही, ते याच कारणाने.

गटागटांतील या फरकांना मर्यादा आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले की माणसांतील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका समष्टीच्या आतच असतो. गटांत वेगळे असते ते काही अ‍ॅलीलचे प्रमाण. त्यातून कोणाची श्रेष्ठता सिद्ध होत नाही, आणि तसा वापर होताना दिसला तर तो ठामपणे नाकारायला हवा.

जनुकप्रवाहाचा प्राचीन पुरावाही डेक्कन कॉलेजच्याच उत्खननातून पुढे आला. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी खणलेल्या दफनभूमीतील एका स्त्रीचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गवताळ स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा वंशांश तिच्यात आढळला नाही, आजच्या बहुतेक भारतीयांत तो कमी-अधिक आढळतो.

प्रयोगशाळेतील उत्क्रांती

पुण्यात पाषाणजवळच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत (स्थापना २००६) सुतीर्थ डे यांचा गट फळमाश्या आणि जिवाणूंना पिढ्यानपिढ्या ठरावीक परिस्थितीत वाढवून उत्क्रांती प्रत्यक्ष घडवतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मोठ्या समष्टीतील ई. कोलाय जिवाणू लहान समष्टीतल्यांपेक्षा आपल्या परिस्थितीशी अधिक घट्ट जुळले. पण अन्न बदलताच त्यांची पीछेहाटही अधिक झाली.