संस्कृतींचा उदय आणि ऱ्हास

एखादा समाज मोठा का होतो आणि पुढे का ढासळतो, याचं सूत्र शोधणाऱ्या सगळ्या मांडण्या या नावाखाली येतात. त्यातला मला सगळ्यात पटणारा माणूस म्हणजे अरब इतिहासकार इब्न खलदून, ट्युनिसमध्ये १३३२ ला जन्मलेला. त्याचा 'मुकद्दिमा' हा ग्रंथ १३७७ चा. राज्य उभं राहतं ते 'असबिय्या'वर असं तो सांगतो, म्हणजे आपली एकी, पण एकमेकांसाठी जीव द्यायला तयार असलेली. हलाखीत वाढलेल्या टोळ्यांकडे ती असते, मग त्या शहर जिंकतात, पहिल्या पिढीला कष्ट आठवतात, दुसरी सुखाला सरावते, तिसरीला सगळं आयतं मिळतं, सैन्य भाड्याचं होतं, खर्च वाढला म्हणून टॅक्स वाढवतात आणि त्यानेच धंदे बसून वसुली घटते. चाळीस वर्षांची एक पिढी धरून त्याचा हिशोब १२० वर्षांचा.

नागपूरला हा हिशोब लावून बघा. गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास शहर वसवलं, मुलगा चांद सुलतान १७३९ ला गेला आणि वारसांच्या भांडणात रघूजी भोसल्यांना बोलावलं गेलं, ते १७४३ पर्यंत इथले मालकच झाले. तिथपासून १८५३ ला तिसरे रघूजी वारले तोवर ११० वर्षं, म्हणजे आकडा जवळपास बसतो. पण राज्याचा कणा १८१७ लाच इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईत मोडला होता आणि खालसा झालं ते डलहौसीच्या दत्तक वारस नाकारायच्या धोरणामुळे. आकडा जुळला म्हणून कारणही जुळतं असं नाही, आणि या सगळ्या थिअऱ्यांची खरी अडचण इथेच आहे.

१९१८ मध्ये जर्मन लेखक श्पेंगलरने संस्कृतीला सजीवासारखं जन्म, तारुण्य, म्हातारपण लावलं, ते वाचायला भारी पण पुरावा कमी. इंग्रज इतिहासकार टॉयन्बीने १९३४ ते १९६१ मध्ये बारा खंड लिहून सांगितलं की आव्हानाला मूठभर कल्पक लोक उत्तर शोधतात, त्यांची कल्पकता आटली की पडझड सुरू. १९८८ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ टेंटर म्हणाला, प्रत्येक अडचणीला नवं सरकारी खातं, नवी माणसं, नवा खर्च, आणि दर वेळी हाती कमीच येतं, शेवटी लोकांना तो डोलारा सांभाळणं परवडेनासं होतं.

यात एक गल्लत कायम होते, घराणं पडलं की संस्कृती पडली असं धरतात. भोसल्यांचं राज्य गेल्यावर १८६७ ला इथे रेल्वे आली, १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि शहर वाढतच गेलं. उलट रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन, तिथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळालीय. साधारण १५०० वर्षांपूर्वी ते घराणं संपलं आणि आता तिथे गाव आहे, किल्ला आहे, भोवती शेतं आहेत, राजधानी मात्र जमिनीखाली.