पर्माकल्चर शिक्षण, खेड्यांतील

जंगलात झाडे, माती, पाणी आणि प्राणी एकमेकांच्या आधाराने टिकतात; तोच नमुना समोर ठेवून शेताची व वस्तीची आखणी करण्याच्या पद्धतीला पर्माकल्चर म्हणतात. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात ती मांडली. तिचा रूढ अभ्यासक्रम ७२ तासांचा असतो व बहुधा दोन आठवडे निवासी चालतो. खेड्यात पहिली अडचण इथेच येते: रोजंदारी बुडवून, गुरे कोणाच्या तरी भरवशावर सोडून दोन आठवडे कोण बसणार?

भारतात या शिक्षणाचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे तेलंगणातील झहीराबाद परिसर. बीदरला लागून असलेला हा कोरडवाहू मुलूख मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला परका वाटू नये. येथील पस्तापूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून दलित स्त्रियांच्या ‘संघमां’बरोबर काम करते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॉलिसन यांनी भारतात येऊन शिकवले. त्या पिढीतील नरसन्ना कोप्पुला यांनी पद्मा कोप्पुला यांच्यासह १९९९ मध्ये ‘अरण्य’ ही संस्था काढली. आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर मेळावा २०१७ मध्ये हैदराबाद व झहीराबादजवळच्या बिडकन्ने येथे भरला.

येथे शिकवणाऱ्यालाच बरेच शिकावे लागते. मिश्र पिकांचे महत्त्व फळ्यावर लिहावे, तर समोर बसलेल्या बाईच्या शेतात ज्वारी, तूर, राळा आणि कडधान्ये पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उभी असतात. बियाणे राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात घालून तिने घरी जपलेले असते. अशा वर्गात धडा तिच्या शेतापासून सुरू करणेच शहाणपणाचे.

काही साधने मात्र सहज रुजतात. समपातळी रेषा आखण्याच्या ए-फ्रेमचेच पाहा. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी काठी, शेंड्याला दोरीने दगड टांगलेला. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करायची. मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की पाय एका पातळीत. अशी एकेक पावलाने रेषा आखत जायचे आणि त्या रेषेवर चर खणायचा. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, ओळंबा पाहिलेल्याला तर समजवावेही लागत नाही.

‘झोन’ची, म्हणजे घरापासूनच्या अंतरानुसार जमिनीचे पट्टे पाडण्याची, कल्पना मात्र मोडून नव्याने बांधावी लागते. मूळ मांडणीत घर मध्यभागी आणि भोवती जमीन असते. दख्खनमध्ये घर गावठाणात, शेत कोसभर लांब, तेही दोन-तीन तुकड्यांत. परसात जेमतेम दोन वेल मावतात. त्यामुळे आखणी घरापासून किती अंतर यावर न करता रोजची वाट, विहीर आणि गुरांचा गोठा यांवरून करणे बरे.

आच्छादनाचा प्रश्न सर्वांत अवघड. जमीन उघडी ठेवू नका, हा पर्माकल्चरचा पहिला पाठ. पण आच्छादनाला कडबा वापरला तर उन्हाळ्यात बैलापुढे काय टाकायचे? बाहेरून आलेले प्रशिक्षक इथे हमखास फसतात. उपाय म्हणून बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावतात. सवय नसलेली गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, फांदी छाटली की पुन्हा फुटते, आणि पाला तोडून तिथल्या तिथे पिकाच्या ओळींमध्ये पसरता येतो. कडबा गोठ्यातच राहतो.