जीवाश्म खेकड्याच्या नव्या जातीचे वर्णन

खडकात सापडलेला खेकडा आजवर नाव मिळालेल्या कोणत्याही जातीत बसत नाही, हे पुराव्यानिशी दाखवून त्याला शास्त्रीय नाव देण्याची पद्धत. जिवंत प्राण्यांप्रमाणेच जीवाश्मांनाही आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहिता लागू होते. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आहे. नाव ग्राह्य ठरण्यासाठी जाती नवी असल्याचा स्पष्ट उल्लेख, तिला वेगळी ठरवणारी लक्षणे आणि आधारनमुना, म्हणजे ज्यावर नाव बेतले तो एक नमुना (होलोटाइप), या गोष्टी प्रकाशित लेखात द्याव्या लागतात. पुढे वाद झाला तर नाव त्या एका दगडाला चिकटून राहते. म्हणून तो दगड कोणालाही पुन्हा तपासता येईल अशा संग्रहात असणे फार मोलाचे.

खेकड्याच्या बाबतीत खरी अडचण नावाच्या आधीच सुरू होते. वाढताना तो वारंवार कात टाकतो. पाठीचे कवच मागच्या कडेने उघडते आणि मऊ अंगाचा खेकडा तिथून मागे सरकत बाहेर पडतो. एकाच खेकड्याची अशी अनेक कवचे मागे उरतात, त्यामुळे हाती आलेला जीवाश्म मेलेल्या खेकड्याचा आहे की त्याच्या कातेचा, हे आधी ठरवावे लागते. नांग्या लवकर सुटतात आणि कठीण असल्याने पुष्कळदा तेवढ्याच टिकतात. अनेक जातींत डावी-उजवी नांगी सारखी नसते, नर-मादीतही फरक असतो. सुट्या नांगीवरून नाव देणे त्यामुळे जोखमीचे. पोटाकडची बाजू शाबूत मिळाली तर मोठाच आधार, कारण नराची पोटपट्टी अरुंद आणि मादीची रुंद असते. बाजारात खेकडा उलटा करून पाहणाऱ्यांना ही खूण चांगली माहीत आहे.

भोवतालचा दगड सुईसारख्या हत्याराने कणाकणाने काढतात. कवचावरचे उंचवटे नीट दिसावेत म्हणून छायाचित्रापूर्वी त्यावर अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर देतात. मग जवळच्या जातींच्या आधारनमुन्यांशी ताडून पाहणे येते. त्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीचे लेखही उघडावे लागतात. कच्छ आणि सिंधमधल्या जीवाश्म खेकड्यांवर फेर्डिनांड श्टोलिचका यांनी १८७१ मध्ये लिहिलेला लेख त्यांपैकीच एक. महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हाच्या खडकाचा असल्याने समुद्री खेकड्यांचे जीवाश्म पाहायला इथल्या अभ्यासकाला बहुधा कच्छसारख्या ठिकाणी जावे लागते.

या कामाला किती धीर लागतो ते *कॅलिकायमेरा पर्प्लेक्सा* या जातीवरून कळते. कोलंबियातील बोयाका प्रांतात हावियेर लुके यांना ती २००५ मध्ये मिळाली. तेव्हा ते भूविज्ञानाचे विद्यार्थी होते. नावासह वर्णन आले २०१९ मध्ये, तोवर कोलंबिया आणि अमेरिकेतील वायोमिंग मिळून सत्तरहून अधिक नमुने जमले होते. वय सुमारे ९.५ ते ९ कोटी वर्षे, आकार नाण्याएवढा. डोळे भलेमोठे आणि खोबणीविना उघडे, पाय वल्ह्यासारखे चपटे, मुखावयव पायांसारखे लांब, शेपटीचा भाग अंगाखाली दुमडण्याऐवजी उघडा. खेकडा म्हणून जी लक्षणे आपण सांगतो त्यांतली बरीचशी इथे नाहीत. त्यामुळे जाती, प्रजाती (जवळच्या जातींचा गट) आणि कुल (जवळच्या प्रजातींचा गट), तिन्ही नवी करावी लागली. नावाचा अर्थ बुचकळ्यात टाकणारा सुंदर कायमेरा. कायमेरा म्हणजे ग्रीक पुराणातला अनेक प्राण्यांच्या अवयवांचा जीव. ‘कायमेरा’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून पुढचे विशेषणही ‘पर्प्लेक्सा’ असे स्त्रीलिंगीच.

मोठे उघडे डोळे खेकड्याच्या पिल्लांमध्ये, डिंभावस्थेच्या, म्हणजे अंड्यातून निघाल्यानंतरच्या सुरुवातीच्या अवस्थेच्या, शेवटी दिसतात. मग हे जीवाश्म पिल्लांचेच नाहीत कशावरून? एकच नमुना असता तर या शंकेपाशीच काम अडले असते. लहान-मोठे अनेक नमुने असल्याने वाढीचा क्रम लावता आला. पिल्लाची लक्षणे प्रौढपणीही टिकून राहिली असावीत, असे वर्णनकर्त्यांनी मांडले. २०२२ मध्ये केल्सी जेंकिन्स, डेरेक ब्रिग्ज आणि लुके यांनी डोळ्यांचा वेगळा अभ्यास केला. डोळे शरीराच्या सुमारे १६ टक्के भरले. तुलनेला घेतलेल्या इतर जातींपेक्षा ते अधिक वेगाने वाढत होते. यावरून हा खेकडा तळाशी लपून राहणारा नसून पाहून शिकार करणारा, पोहणारा प्राणी असावा असा निष्कर्ष निघाला.

नमुना एकच असला तरी तो अत्युत्तम टिकलेला असेल तर वर्णन भक्कम होऊ शकते. म्यानमारच्या सुमारे १० कोटी वर्षे जुन्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या राळेच्या अश्मीभूत खड्यात, पायांसह जेमतेम ५ मिलिमीटरचा खेकडा सापडला. २०२१ मध्ये त्याला *क्रेटॅप्सारा अथानाटा* हे नाव मिळाले. त्यातली ‘अप्सारा’ म्हणजे आपल्या परिचयाची अप्सरा, आणि ‘अथानाटा’ म्हणजे अमर. खडा न फोडता क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनने त्याचे शरीर पाहता आले. त्यात कल्लेसुद्धा दिसले, म्हणजे झाडाच्या राळेत अडकलेला हा खेकडा पाण्यात, निदान पाण्याच्या काठाने, राहणारा होता.