स्वायत्त की अभिमत? फी भरण्याआधी पाटी नीट वाचा

सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही स्वायत्त, आणि त्याच कराडातलं कृष्णा विश्व विद्यापीठ मात्र अभिमत. बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: ‘ऑटोनॉमस म्हणजेच डीम्ड ना?’ नाही. दोन्हीकडे अभ्यासक्रम आणि परीक्षा संस्थेच्याच हातात असतात, म्हणून गफलत होते. फरक पदवीच्या कागदावर दिसतो. स्वायत्त कॉलेज पेपर काढतं, तपासतं, पण पदवी मूळ विद्यापीठाची; वरच्या दोन्ही अभियांत्रिकी कॉलेजांसाठी ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. अभिमत संस्था यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम ३ नुसार स्वतःच विद्यापीठ मानली जाते आणि स्वतःची पदवी देते.

खिशाचा प्रश्न वेगळा. ‘स्वायत्त’ हा शब्द फीबद्दल काहीच सांगत नाही. स्वायत्त कॉलेज शासकीय असतं, अनुदानित असतं, खासगी विनाअनुदानितही असतं. अनुदानित कॉलेजातही एखादी शाखा विनाअनुदानित निघू शकते. म्हणून कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, पर्याय अर्ज भरताना कॉलेजचं नाव बघून थांबू नका. त्या शाखेचा दर्जा (अनुदानित की विनाअनुदानित) आणि फी तपासा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की धरली जाते; मग फी बघून हळहळण्यात अर्थ नाही.

खरी मेख सवलतीत आहे. कॅपमधून प्रवेश घेतला आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. याच अटींवर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित कॉलेजातही हे लागू. खासगी अभिमत विद्यापीठात नाही. व्यवस्थापन कोट्यातून घुसलात तरीही नाही. वसतिगृह आणि मेस या माफीत येत नाहीत, तो खर्च धरूनच हिशोब करा.

घोळ होतो तो कागदांत. जात वैधता किंवा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही की विद्यार्थी थेट खुल्या गटात ढकलला जातो आणि हाताशी आलेली जागा जाते. तहसीलमधला उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढू म्हणणारे हमखास रांगेत अडकतात. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलसाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

मेडिकलला ही दरी सगळ्यात रुंद. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, १५ टक्के अखिल भारतीय. तिथली वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात. अभिमत कॉलेजांची बहुतेक ठिकाणी वीस लाखांच्या आसपास किंवा वर. नीट एकच, पण अभिमतची नोंदणी दिल्लीच्या एमसीसीकडे (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) वेगळी करावी लागते आणि २ लाख रुपये अनामत ठेवावी लागते. राज्याचा कोटा नाही, जातीचं आरक्षण नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामतही जाते.

पाटीवर ‘विद्यापीठ’ दिसलं म्हणून घाबरूही नका. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्वतःची पदवी देतं, पण ते अभिमत नाही. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स मिळून झालेलं ते सार्वजनिक विद्यापीठ आहे.