लिलाव जिंकला, पैसे मात्र नाहीत: ऑर्डर रद्द करण्याची रीत, पात्रता आणि कागदपत्रं

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या खेळाच्या पत्त्यांचा, १२० पानांचा संच मी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर लावला होता. परदेशातल्या एकाने चढी बोली लावून तो जिंकला आणि मग गप्प बसला. मेसेजला उत्तर नाही, पैसे नाहीत. वैतागून मी ऑर्डर रद्द केली आणि कारण निवडलं, ‘माल शिल्लक नाही’. त्याचं काहीच बिघडलं नाही, ठपका माझ्या खात्यावर बसला. कारण त्या पर्यायाचा अर्थ होतो, विक्रेत्याने शब्द पाळला नाही. चूक माझीच. म्हणून कारणाचा रकाना कसा भरायचा, ते आधी नीट समजून घ्या.

ईबेची भारतातली साइट १४ ऑगस्ट २०१८ला बंद झाली. आता इथला विक्रेता त्यांच्या जागतिक साइटवरून परदेशी गिऱ्हाइकांनाच माल विकतो. त्यामुळे तिथे बुडव्या गिऱ्हाइकाविरुद्ध आपल्या हातात असतं ते साइटचे नियम वापरणं, एवढंच.

रद्द कधी करता येतं? लिलाव संपल्यावर गिऱ्हाइकाला पैसे भरायला चार दिवस असतात. हे कॅलेंडरचे दिवस, म्हणजे रविवारही मोजायचा. पाचव्या दिवसापासून तुम्ही ऑर्डर रद्द करू शकता, पण विक्रीपासून ३० दिवसांच्या आत. दोन-तीन वस्तू घेऊन त्याने एकत्रित टपालखर्च विचारला असेल आणि तुम्ही बिलच पाठवलं नसेल, तर आधी ते पाठवा. पैसे ‘प्रक्रियेत’ दिसत असतील तरी थांबा.

कसं करायचं? सेलर हबमध्ये, म्हणजे ईबेवरच्या विक्रेत्याच्या पानावर, ‘ऑर्डर्स’, तिथे ‘अवेटिंग पेमेंट’, त्या ऑर्डरसमोर ‘कॅन्सल ऑर्डर’. कारण विचारतील तेव्हा ‘बायर हॅजन्ट पेड’, दुसरं काहीही नाही. गिऱ्हाईक गयावया करतं, ‘मीच रद्द करायला सांगितलं असं लिहा ना.’ तसं लिहिलंत तर पैसे न भरल्याची नोंद त्याच्या खात्यावर होत नाही, आणि उद्या तो दुसऱ्या कुणाच्या लिलावात जाऊन बसतो. मी आता भिडेला पडत नाही.

कागद एकही जोडावा लागत नाही. तरीही ऑर्डर क्रमांक आणि साइटच्या आतले मेसेज जपून ठेवा. बाहेर ईमेलवर बोललात तर वाद झाल्यावर ते दाखवणं जड जातं.

रद्द झाल्यावर विक्रीवरची फी खात्यात परत जमा होते आणि त्याने रागाने वाईट अभिप्राय लिहिला तर तो काढला जातो. तुम्हाला मात्र त्याच्याबद्दल वाईट लिहिता येत नाही. २००८पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाविषयी फक्त चांगलाच अभिप्राय देता येतो. पटत नाही, पण आहे हे असं आहे.

न भरलेल्या ऑर्डरी आपोआप रद्द होण्याचीही सोय सेटिंगमध्ये आहे. आमच्याकडे आषाढात वीज गेली की मोबाइलची रेंजही जाते, त्यामुळे मी ती चालू ठेवली आहे. तिथेच, पूर्वी पैसे बुडवलेल्यांना बोली लावू न देण्याचा पर्यायही मिळेल.

खालच्या बोलीवाल्याला ‘सेकंड चान्स ऑफर’ पाठवता येते, लिलाव संपल्यापासून ६० दिवसांपर्यंत. आधी पहिली ऑर्डर रद्द करा, मगच ऑफर. नाहीतर एक संच आणि दोन धनी! आणि ज्याने पैसे दिलेच नाहीत त्याच्या खोट्या चुरशीमुळेच दुसऱ्याचीही बोली फुगलेली असते. त्यामुळे दुसऱ्याने नकार दिला तर रुसू नका, वस्तू पुन्हा लावा.

देशातल्या देशात गोष्ट वेगळी. घरातला राणीछाप रुपया शंभर वर्षांहून जुना, म्हणून पुरावस्तूंच्या १९७२च्या कायद्याने तो परदेशी धाडता येत नाही. असे लिलाव मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतात. तिथे रद्द करायचं बटण नाही, पण १९३०चा माल विक्री कायदा आहे. कलम ६४ प्रमाणे हातोडा पडला किंवा रिवाजाप्रमाणे विक्री जाहीर झाली की सौदा पूर्ण. त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. पैसे येईपर्यंत माल तुमच्या ताब्यात ठेवायचा हक्क तुम्हाला आहे.

पुन्हा विकण्याआधी कलम ५४ नीट पाहा. ‘अमुक दिवसांत पैसे द्या, नाहीतर वस्तू दुसऱ्याला विकतो’ अशी नोटीस द्यायची आणि वाजवी मुदत जाऊ द्यायची. मग कमी भाव आला तर फरक मागता येतो. नोटीस न देताच विकलंत तर तोटा तुमचा, आणि जास्त भाव आला तर वरचा नफा बुडव्या गिऱ्हाइकाचा! नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा.

तरी ऐकलं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीचा, तडजोडीचा अर्ज करायचा. ही समिती तालुक्याच्या कोर्टातच असते, आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं प्राधिकरण ओरोसला. कोर्ट फी लागत नाही. अर्जाला जोडायचं ते असं: दोघांची नावं आणि पूर्ण पत्ते, तुमचं ओळखपत्र, बोली आणि ‘विकलं’ असा ॲडमिनचा मेसेज यांचे स्क्रीनशॉट, बिल, नोटिशीची प्रत आणि टपालाची पावती. समितीच्या लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर मात्र दिवाणी दावा, आणि तो तीन वर्षांच्या आत. दीड हजाराच्या नाण्यासाठी मी हे करणार नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेले दिवस धरले तर परवडत नाही.

एक प्रकार मात्र वेगळा ओळखा. ‘पैसे पाठवले’ म्हणून स्क्रीनशॉट येतो आणि खात्यात काहीच नसतं. किंवा ‘पैसे मिळायला हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. हा बुडवा गिऱ्हाईक नव्हे, भामटा. खात्यातून रक्कम गेली असेल तर नोटीस वगैरे सोडा आणि ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. कायद्याच्या सालाचाच आकडा आहे, विसरणार नाही.